चलनात न आलेली नाणी: जगभरातली नमुना आणि चाचणी नाणी कशी जमवावीत

१९५७ साली इटलीच्या टांकसाळीने ५०० लिरांच्या चांदीच्या नाण्याचे सुमारे हजार नमुने पाडले. एका बाजूला कोलंबसाची तीन गलबतं आणि त्यांच्या आसपास बारीक अक्षरांत 'प्रोव्हा', म्हणजे नमुना. हे नमुने खासदारांना आणि अधिकाऱ्यांना बघायला दिले होते. दर्यावर्दी लोकांच्या नजरेतून मात्र चूक सुटली नाही. गलबत डोलकाठीवरच्या शिडांत वारा भरून पुढे चाललंय, मग निशाणं मागच्या बाजूला कशी फडकतील? १९५८ पासून जे नाणं बाजारात आलं, त्यावर निशाणं फिरवून पुढे केलेली आहेत. पुढे लाखोंनी निघालेलं ते नाणं आज चांदीच्या भावाच्या आसपास मिळतं. मागे निशाणं असलेलं मिळवायला संग्राहकाचा खिसा चांगलाच हलका होतो.

या छंदाची गोडी यातच आहे. बाजारात चाललेलं नाणं देशाने काय ठरवलं ते सांगतं आणि नमुना नाणं ठरवण्याआधी काय काय घडलं ते सांगतं. म्हणून मी कुठलाही तुकडा हातात घेतला की तीन गोष्टी विचारतो: हे कोणी पाडायला सांगितलं, कशासाठी, आणि ते चलनात का आलं नाही (किंवा जसंच्या तसं का आलं नाही)? खऱ्या नमुना नाण्यामागे कुठेतरी एक सरकारी फाईल असतेच. या तिन्हींची उत्तरं मिळत नसतील, तर विक्रेत्याने कितीही दुर्मीळ म्हटलं तरी पैसे खिशातच ठेवा.

सांगली-साताऱ्यात बसून हा छंद जमेल का, असं लोक विचारतात. जमतो. उलट आपल्याकडे एक सोय आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात, त्यामुळे धातूची पारख आणि टंच हे शब्द इथे घराघरांत माहीत असतात. ही पारख पुढे कामाला येते, पण एका पथ्यासह. ते वजनाच्या भागात सांगतो.

आधी जाती ओळखा

नमुना नाणं म्हणजे नवं चित्र, नवा आकार किंवा नवी किंमत सुचवणारा तुकडा. अमेरिकेचं ४ डॉलरचं 'स्टेला' हे याचं उत्तम उदाहरण. १८७९ आणि १८८० साली ते पाडलं गेलं. युरोपातल्या सोन्याच्या नाण्यांशी ज्याचा हिशोब जुळेल असं अमेरिकी नाणं असावं, ही ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या अमेरिकी राजदूताची, जॉन कॅसनची कल्पना. नाण्यावर धातूचा हिशोबच लिहिलाय: ६ ग्रॅम सोनं, ०.३ चांदी, ०.७ तांबं, एकूण ७ ग्रॅम. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, ती कल्पना पटली नाही, नाणं चलनात आलं नाही. तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथे चोख मिळतात.

चाचणी नाण्याचा हेतू वेगळा. ठसा नीट बसतो का, यंत्राचा दाब किती हवा, नवा धातू चालेल का, हे तपासायला ते पाडतात. अशा तुकड्यांत शिसं, कथील, ॲल्युमिनियम असे स्वस्त धातू दिसतात. कधी एकच बाजू उमटवलेली असते आणि दुसरी कोरी. दुसऱ्या महायुद्धात तांबं दारूगोळ्याकडे वळलं, तेव्हा अमेरिकेने १९४२ साली सेंटसाठी प्लॅस्टिक आणि काचसुद्धा तपासून पाहिली. ब्रिटनमध्ये १२ बाजूंचा १ पौंड २८ मार्च २०१७ रोजी चलनात आला. त्याआधी विक्रीयंत्रं आणि नाणी मोजणारी यंत्रं जुळवून घ्यायला कंपन्यांना 'ट्रायल पीस' असं लिहिलेले तुकडे दिले होते. त्यांना कायदेशीर चलनाचा दर्जा नाही.

पीफोर म्हणजे दुप्पट जाडीचं नाणं. ही चाल जुन्या फ्रान्सची. ब्रिटनने १९८२ साली २० पेन्सचं चांदीचं पीफोर विकायला काढलं, तेव्हापासून सामान्य संग्राहकाला ते सहज मिळू लागलं. हल्लीची पीफोर सरळ संग्राहकांसाठीच काढतात, त्यामुळे काही जण त्यांना या कुळात धरत नाहीत. मी धरतो, पण दुसऱ्या पंगतीत.

प्रूफ नाणं मात्र यात येत नाही, कितीही चकचकीत असलं तरी. ते चलनातल्याच नाण्याचं खास घासूनपुसून पाडलेलं रूप असतं. आपल्या बाजारात 'प्रूफ' आणि 'पॅटर्न' (म्हणजे नमुना) हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून एवढं सांगितलं.

अक्षरं आणि क्रमांक

फ्रान्स आणि त्याच्या जुन्या वसाहतींच्या तुकड्यांवर 'एसे' असतं, इटली-पोर्तुगालच्या तुकड्यांवर 'प्रोव्हा', जर्मनांच्या तुकड्यांवर 'प्रोबं' आणि पोलंडच्या तुकड्यांवर 'प्रुबा'. इंग्रजी परंपरेत बहुतेकदा काहीच लिहिलेलं नसतं, तिथे कॅटलॉगवाचून गत्यंतर नाही.

जगभराच्या नाण्यांना सर्रास वापरतात तो केएम क्रमांक, म्हणजे क्राउझ आणि मिशलर यांच्या कॅटलॉगातला. साध्या नाण्याला नुसता आकडा. आकड्याआधी 'पीएन' दिसलं तर नमुना, 'ई' म्हणजे एसे, 'टीएस' म्हणजे चाचणी ठसा, 'पी' म्हणजे पीफोर, 'पीआर' म्हणजे प्रोव्हा. आणि 'एक्स' दिसला तर सावध व्हा, कारण त्या यादीत खाजगी लोकांनी काढलेले हौशी तुकडे असतात. अमेरिकी नमुन्यांसाठी जड (Judd) यांच्या यादीतला क्रमांक चालतो, ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी प्रिडमोर यांच्या यादीतला. रोजच्या वापराला न्यूमिस्टा हे फुकटचं ऑनलाइन कोष्टक पुरतं. वजन, व्यास, धातू यांची पहिली तपासणी तिथेच करा. विक्रेत्याने क्रमांक सांगितला नाही, तर विचारा. 'क्रमांकच नाही इतकं दुर्मीळ आहे' असं उत्तर आलं, तर नमस्कार करून पुढे चला.

कुठला धागा धरायचा

सगळं जग एकदम जमवायला निघालात, तर वर्षभराने हातात सटरफटर ऐवज उरेल. एक धागा धरा. नवख्याला मी चार वाटा सांगतो.

पहिली वाट आपल्या शेजारची आहे आणि मला सर्वांत आवडते: गोव्यातली पोर्तुगीज नाणी. गोव्यात १९५८ साली रुपया-टांगा हे जुनं चलन जाऊन एस्कुदो आलं: १०, ३०, ६० सेंताव्हो आणि १, ३, ६ एस्कुदो. ही साधी नाणी सांगली-मिरजेकडे जुन्या डब्यांत अजून निघतात. त्याच नाण्यांचे 'प्रोव्हा' शिक्क्याचे तुकडेही आहेत. साधं आणि शिक्क्याचं अशी जोडी शेजारी शेजारी ठेवली, की बघणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी वाट पोलंडची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी निकेलमध्ये भरपूर प्रुबा काढले, त्यांतले बरेच ५०० नगांचे. याशिवाय चांदीतले, जास्त संख्येने काढलेले प्रुबाही आहेत, ते खिशाला परवडतात. संख्या कमी असूनही भाव आवाक्यात राहतो, कारण मागणी मुख्यतः त्याच देशातून असते. दुर्मीळपणा आणि किंमत यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नसतं.

तिसरी वाट फ्रेंच एसेंची: फ्रान्सची आणि मादागास्कर, कोमोरोस, इंडोचायना अशा मुलखांची. कोरीव काम देखणं आणि नोंदी पक्क्या. चौथी वाट आपल्या देशाची, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान आणि प्रजासत्ताकाची सुरुवात. १९५० साली अशोकस्तंभाची नाणी चलनात आली, त्याआधीचे १९४९ सालाचे नमुना रुपये लिलावांत दिसतात. ही वाट महाग आहे आणि तिच्यात काटेही आहेत. चार-पाच वर्षं इतर नाणी हाताळल्याशिवाय इकडे वळू नका.

वजन, पाणी आणि लोहचुंबक

दहा पटीचं भिंग, व्यास-जाडी मोजायला व्हर्नियर, एक छोटं लोहचुंबक आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, एवढी हत्यारं बास. काटा घेताना तो बरोबर दाखवतो का ते पडताळायचं वजनही घ्या. हातमोज्यांपेक्षा मी धुतलेल्या, कोरड्या हातांनी नाणं कडेवर धरणं पसंत करतो, मोज्यात बोटाला अंदाज राहत नाही. हळदीच्या पेठेतून येणाऱ्यांनी आधी साबण लावावा, हे सांगलीत वेगळं सांगायला नको.

आता ते पथ्य. सराफाकडे किंवा गलाईच्या दुकानात टंच काढायला नाणं दिलं, तर सवयीने ते कसोटीवर ओढलं जातं. दागिन्यावरची ती बारीक ओरखड कोणाच्या लक्षात येत नाही. नमुना नाण्याची मात्र निम्मी किंमत तिथेच जाते. ॲसिड तर अजिबात नको. सराफ कट्ट्यावर कॅरेट मीटर असेल, तर क्ष-किरणांवर चालणारी ती तपासणी निरुपद्रवी आहे. फक्त ती वरचा थर वाचते, मुलामा दिला असेल तर फसते.

म्हणून पाण्याची तपासणी घरी करावी. ती आतल्या धातूपर्यंत पोचते. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. बारीक दोऱ्याने नाणं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा. ते तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. कडेला हवेचे बुडबुडे चिकटले असतील, तर दोरा हलकेच हलवून सोडवा. आता काटा जो आकडा दाखवेल, तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याचं वजन त्याने भागा, घनता मिळाली.

वरच्या ५०० लिरांचंच उदाहरण घ्या. वजन ११ ग्रॅम, धातू ८३५ टंचाची (हजारात ८३५ भाग) चांदी. पाण्यात काटा १.०८ च्या आसपास थांबला पाहिजे. ११ भागिले १.०८ म्हणजे १०.१९. तांबं-निकेलचा नकली तुकडा त्याच वजनाचा असेल, तर काटा १.२४ दाखवील आणि घनता ८.९ च्या आत-बाहेर येईल. एवढा फरक घरच्या काट्यावर स्वच्छ दिसतो. मात्र ८३५ आणि ८०० टंचातला फरक या रीतीने कळणार नाही, तिथे कॅरेट मीटरच हवा.

आणखी एक. ही तपासणी फक्त धातू सांगते. चलनातल्या खऱ्या ५०० लिरांवर कोणी 'प्रोव्हा' कोरलं, तर चांदी खरी, वजन खरं, तपासणीत पास. तिथे नजर लागते. आधी निशाणं बघा, ती मागे फिरवणं सोपं नाही. मग कड बघा. या नाण्याचं साल कडेवर आहे. सीलबंद डबीतून कड नीट दिसत नसेल, तर कडेचा फोटो मागितल्याशिवाय सौदा करू नका.

पाण्याची रीत सोनं, चांदी आणि निकेललाच वापरा. तांब्याच्या चकचकीत तुकड्यावर डाग राहतो, शिसं-कथीलाला तर ओल लागूच नये. नाणं पाण्यातून काढल्यावर मऊ कापडाने टिपा, पुसू नका.

लोहचुंबकाचं काम निकेलला पडतं. शुद्ध निकेल चिकटतं, तांबं-निकेलची मिश्रधातू चिकटत नाही. पोलंडचा निकेलचा म्हणून विकलेला प्रुबा चुंबकाला ढिम्म असेल, तर तो निकेलचा नाही. चिकटला तरी काम संपलं नाही, कारण निकेलचा मुलामा दिलेलं पोलादही चिकटतं. घनता काढा: निकेल ८.९, पोलाद ७.८ च्या आसपास.

फसवणुकीच्या चार तऱ्हा

सर्वांत जास्त विकला जाणारा माल म्हणजे 'युरो पॅटर्न'. २००२ नंतर ज्या देशांनी युरो घेतलाच नाही, त्यांच्याही नावाने खाजगी कंपन्यांनी पेटीबंद संच काढले: ब्रिटन, डेन्मार्क, स्वित्झर्लंड. कुठल्याही सरकारने ते मागवले नव्हते, त्यामागे फाईलच नाही. चित्र आवडलं म्हणून पदक समजून घ्यायला हरकत नाही, फक्त भावही पदकाचाच द्या.

दुसरी तऱ्हा ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याच्या नाण्यांची. त्याने ११ डिसेंबर १९३६ रोजी गादी सोडली, तोपर्यंत लंडनच्या टांकसाळीत १९३७ सालाचे नमुने तयार होते. परंपरेनुसार त्याचा चेहरा उजवीकडे असायला हवा होता, पण त्याने डावीकडेच ठेवायला लावला. १२ बाजूंचे काही पितळी तीन पेन्स यंत्र बनवणाऱ्यांकडे तपासणीला गेले होते, त्यांतले मोजके परत आले नाहीत. २०२० साली त्याचं एक सोन्याचं सॉव्हरिन १० लाख पौंडांना विकलं गेलं. या गाजावाजाचा फायदा घेऊन खाजगी लोकांनी वसाहतींच्या नावाने एडवर्डचे 'क्राऊन' नंतर भरपूर पाडले, बहुतेकांवर साल १९३६. खरे नमुने १९३७ चे आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी फसवणूक टळते.

तिसरी तऱ्हा आपल्या घरची. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुन्हा नाणी पाडून दिली आहेत, तीही अधिकृतपणे. ती खोटी नाहीत, पण पहिल्या खेपेची किंमत त्यांना नाही. ठसा गंजलेला असेल, तर मोकळ्या जागेत बारीक उंचवटे दिसतात. भिंगाखाली ते शोधा आणि लिलावाच्या वर्णनात 'रीस्ट्राइक' हा शब्द कुठे दडलाय तेही बघा.

चौथी तऱ्हा समाजमाध्यमांवरची: यंत्रातून वाकडं निघालेलं कुठलंही नाणं 'ट्रायल' म्हणून लाखाला विकायला ठेवायचं. ती टांकसाळीतली चूक असते, चाचणी नव्हे. जुनी नाणी विकून देतो म्हणून 'शुल्क' मागणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये इशाराही दिलाय. बँक अशा व्यवहारात पडत नाही.

गोव्याच्या 'प्रोव्हा'बद्दल जाता जाता. शिक्का घरीही मारता येतो. म्हणून झिजलेल्या, बाजारात फिरलेल्या नाण्यावर 'प्रोव्हा' दिसला तर संशय घ्या. नमुना टांकसाळीतून टेबलावर जातो, भाजीवाल्याकडे जात नाही. अक्षरांच्या मागच्या बाजूला, बरोबर त्याच जागी, पृष्ठभाग दबलाय का तेही बघा.

खरेदी आणि कायदा

पहिली खरेदी प्रत्यक्ष बघून करा. मुंबई-पुण्याच्या नाणे प्रदर्शनांत जा, लिलावाआधी माल बघायला ठेवतात तेव्हा जा, दिवसभर नुसतं बघून परत आलात तरी चालेल. परदेशी लिलावात बोलीवर साधारण २० टक्के किंवा जास्त खरेदीदाराचं शुल्क, त्यावर टपालखर्च आणि इथे आल्यावर सीमाशुल्क. बोली लावण्याआधी हे सगळं धरून आपला शेवटचा आकडा कागदावर लिहा. सोन्या-चांदीच्या आयातीचे नियम सरकार वेळोवेळी बदलतं, त्यामुळे मौल्यवान धातूचा तुकडा मागवण्याआधी कस्टम एजंटला विचारा. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून सीलबंद करणाऱ्या कंपन्यांच्या डबीतलं नाणं असेल, तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर तपासा. क्रमांक जुळला तरी फोटो जुळतो का ते बघा, कारण डब्याही नकली निघतात.

पुरावस्तू कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा जुना नमुना लंडनहून इकडे आणलात, तर तो तिकडे परत विकायची वाट बंद. भाव ठरवताना याचा विचार करा.

काही तुकडे बाळगणंच अडचणीचं. अमेरिकेने १९७४ सालाचे ॲल्युमिनियमचे सेंट १५ लाखांहून जास्त पाडले. तांबंवाल्यांचा विरोध, विक्रीयंत्रवाल्यांची तक्रार आणि मुलांनी गिळलं तर क्ष-किरणात दिसणार नाही ही डॉक्टरांची हरकत, यामुळे ते वितळवून टाकले. काही काँग्रेस सदस्यांकडेच राहिले. डेन्व्हरला पाडलेला एक तुकडा पुढे विक्रीला निघाला, तेव्हा सरकारने मालकी सांगितली आणि २०१६ साली तो परत द्यावा लागला. आपल्या टांकसाळीतून हल्ली 'बाहेर पडलेला' म्हणून कोणी नमुना दाखवला, तर तो बाहेर कसा पडला हे आधी विचारा.

ठेवायचं कसं

सांगलीत कपाटाआधी मजला ठरवावा. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचं काय काय गेलं ते गावाला ठाऊक आहे. आयर्विन पुलाखाली कृष्णा ४० फुटांची इशारा पातळी गाठते, तेव्हा नाण्यांची पेटी वर नेण्याची वेळ झालेली असते, ४५ फुटांची वाट बघू नका. बँकेचा लॉकर घ्यायचा तर तोही तळघरात नसावा.

साध्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत पीव्हीसी असतं. वर्षा-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो आणि तांब्यावर तो कायमचा चावतो. मायलरची पाकिटं किंवा घट्ट ॲक्रिलिक डब्या घ्या. चांदीजवळ रबरबँड आणि वर्तमानपत्र नको. शिशाचे चाचणी ठसे लाकडाच्या आणि प्लायवूडच्या आम्ल वाफेने पांढरे पडून भुसभुशीत होतात, त्यांना धातूच्या पेटीत वेगळं ठेवा. जूनला सिलिका जेलच्या पुड्या बदला आणि सप्टेंबरात परत बघा. घासणं, पितांबरी, चिंच, काहीही नाही.

आणि एक वही. प्रत्येक तुकड्यामागे केएम क्रमांक, वजन, व्यास, घनता, कोणाकडून घेतला, पावती कुठे आहे, आणि त्या तीन प्रश्नांची उत्तरं. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो. शेवटच्या रकान्यात विकायची वेळ आली तर कोणत्या देशाच्या लिलावात किंवा कोणाकडे न्यायचं ते लिहा, कारण पोलंडच्या प्रुबाला वॉर्सात जो भाव मिळतो तो मुंबईत मिळत नाही, आणि शंभर वर्षांवरचा तुकडा तर इथेच विकावा लागेल. वही कुठे ठेवली आहे हे घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. नाहीतर चांदीच्या एसेला मोडीचा भाव लावणारा आपल्याच गल्लीत भेटतो.